नॉयर, म्हणजे काळोख्या गुन्हेकथेच्या धाटणीच्या रहस्यकादंबरीचा खर्डा पाच जणांनी वाचला, मतं पाच आली. कुणाचं ऐकू?

तुम्ही लिहिलंय की नायक कर्जबाजारी लेखक आहे आणि आषाढी पौर्णिमेच्या मध्यरात्री तो दापोलीजवळच्या हर्णै बंदराच्या ओल्या वाळूवरून प्रेत ओढत नेतो. तिथून एक ट्रॉलर, म्हणजे मासेमारीची यांत्रिक नौका, ते खोल समुद्रात नेतो. एका वाचकाला नायक आवडला नाही, एकाला मधला भाग रेंगाळलेला वाटला, एकाला शेवट अपुरा वाटला. दापोलीच्या वाचकाला हा प्रसंगच पटला नाही, आणि पाचवा फक्त ‘छान’ म्हणाला.

आधी दापोलीकरांचं ऐका. आषाढी पौर्णिमा मासेमारीबंदीत येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत, त्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. त्या दिवसांत निघालेला ट्रॉलर सगळ्या बंदराच्या नजरेत भरेल. दुसरी चूक पाण्याची. पौर्णिमेला आणि अमावास्येला आपल्याकडे भरती दुपारी आणि रात्री बाराच्या आसपास येते, त्यामुळे तुमची ओली वाळू त्या वेळी उधाणाखाली असणार. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून हा प्रसंग कार्तिक किंवा मार्गशीर्षातल्या शुद्ध अष्टमीला न्या. तेव्हा मध्यरात्रीच्या सुमारास ओहोटी असते, चंद्रही त्याच सुमारास मावळतो आणि नौकाही चालू असतात. मात्र ते भांगाचं पाणी, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी भरती-ओहोटी, उधाणासारखं लांब ओसरत नाही. प्रेत ओढायचं अंतर कमी करा.

तसंच पोलिसांचं. प्रेत सापडलं की आधी आकस्मिक मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन. खुनाचा गुन्हा बहुधा त्यानंतर. कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल तर हवालदाराच्या तोंडी ‘३०२’ नको, आता खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ आहे.

‘नायक आवडला नाही’ या मताने काही बदलू नका. नॉयरमध्ये माणूस स्वतःच्या हावेने किंवा भीतीने गाळात जातो, तो आवडायलाच हवा असं नाही. पण ‘त्याने हे का केलं ते कळलं नाही’ असं कुणी म्हटलं तर दोष तुमचा. मला वाटतं, मधला भाग रेंगाळतो तोही याचमुळे: पाऊस, सिगारेट, कोरा कागद खूप आणि पैशांचा हिशेब कुठेच नाही. तो लिहा. ३०० रुपये किमतीच्या १००० प्रती सगळ्या खपल्या आणि मानधन दहा टक्के धरलं, तरी हातात ३०,००० रुपये येतात. सावकाराचे दोन लाख त्यात फिटत नाहीत, हे वाचकाला पन्नासाव्या पानाच्या आत कळलं की पुढचं पाऊल आपोआप पटतं.

शेवटाबद्दल त्या वाचकाला एकच विचारा: खुनी कोण आणि खून का, हे समजलं का? समजलं असेल तर शिक्षा झाली नाही तरी चालेल. समजलं नसेल तर कोडं अर्धवट राहिलंय.

‘छान’ म्हणणाऱ्याला पुस्तक कुठल्या पानावर खाली ठेवलं आणि संशय कुणावर, कुठून आला, ते विचारा. दोघांनी एकमेकांशी न बोलता एकच पान सांगितलं तर तिथे नक्की काहीतरी बिघडलंय. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र घेऊ नका, तो तुमचा तुम्ही शोधा.

दुसरा खर्डा नव्या वाचकांना द्या. जुन्यांना खुनी माहीत झालाय, त्यांचा संशय आता कामाचा नाही.