व्यायामाच्या सायकलचा रेझिस्टन्स बदलत नाही, ई२ येतं, मोटर बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की सायकल चालू केली की आतून चार-पाच सेकंद घुर्र आवाज येतो, मग डिस्प्लेवर ई२ येतं आणि लेव्हल १ काय न् १६ काय, पेडल सारखंच हलकं. सर्व्हिसवाल्याने मोटर आणि बोर्ड मिळून साडेसहा हजार सांगितलेत. एक रविवार थांबा, लगेच देऊ नका. घुर्र येतंय म्हणजे बोर्ड (आतलं सर्किट) करंट देतोय आणि मोटर फिरतेय, निदान फिरायला बघतेय. मेलेली मोटर गप्प बसते हो.

मी काही मेकॅनिक नाही, पण माझ्या सायकलला गेल्या पावसाळ्यात हेच झालं होतं आणि मी ती उघडून बसलो होतो, म्हणून सांगतो. (ई१, ई२ चा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तुमचं मॅन्युअल सापडलं तर एकदा बघा.)

आत काय असतं तर, चाकासमोर एका पट्टीवर लोहचुंबक बसवलेले असतात. माझ्या चाकाची कड अल्युमिनिअमची आहे, तिला चुंबक चिकटत नाही, पण चाक फिरायला लागलं की तिच्यात एडी करंट (भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह) तयार होतात आणि ते चाकाला मागे ओढतात. चुंबक जितका जवळ तितकं पेडल जड. ही पट्टी जवळ-लांब करायला ब्रेकसारखी एक केबल असते आणि ती केबल ओढणारी डबी म्हणजे आपली 'रेझिस्टन्स मोटर'. या डबीत खेळण्यातल्या गाडीत असते तेवढी छोटी डीसी मोटर, तीन-चार प्लास्टिकचे गिअर आणि एक पोटेन्शिओमीटर (थोडक्यात पॉट) असतो, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असायचा तोच. केबल किती ओढली गेलीय हे बोर्डला तो पॉट सांगतो. बोर्ड म्हणतो फिर, मोटर फिरते, पण पॉटकडून काही बदल कळलाच नाही तर बोर्ड थोडा वेळ वाट बघतो आणि एरर टाकून मोकळा होतो.

म्हणून नुसती केबल तुटली असती तर बहुतेक एरर आलीच नसती, कारण पॉट बिचारा बरोबर फिरतोय, फक्त पेडल जड होत नाही. तुमच्याकडे आवाज पण आहे आणि एरर पण आहे, म्हणजे माझा संशय पॉटवर किंवा गिअरवर, किंवा मग पट्टी गंजून अडकलीय आणि मोटर जागच्या जागी कण्हतेय. त्याआधी अडॅप्टर मात्र तपासा. त्यावर लिहिलेले व्होल्ट मल्टीमीटरवर येतायत का बघा, अडॅप्टर कमजोर झाला की डिस्प्ले नीट लागतो पण मोटरने लोड घेतला की मान टाकतो.

उघडताना अडॅप्टर काढूनच. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं, मी पहिला अर्धा तास उलटा जोर लावण्यात घालवला, पाना सटकून बोट सोललं ते वेगळं. क्रँक (पेडल जिला लावलेलं असतं ती दांडी) काढायला पुलर नावाचं हत्यार लागतं, ते सायकलवाल्याकडे मिळेल. काही मॉडेलमध्ये क्रँक न काढता कव्हर एका बाजूने फाकवता येतं.

कव्हर निघालं की पहिली टेस्ट फुकटची आहे. घरातल्या कोणालातरी पेडल हाताने हळू फिरवायला सांगा आणि तुम्ही ती चुंबकाची पट्टी लाटण्याने चाकाकडे ढकला, बोटं घालू नका. पेडल जड झालं तर चुंबक, चाक सगळं ठीक, दोष डबीत किंवा केबलमध्ये. पट्टी हललीच नाही तर सांध्यावर गंज असेल, साफ करून जरा ग्रीस लावा, कदाचित तिथेच काम संपेल.

आता डबी. माझ्या डबीतून पाच वायरी येत होत्या, दोन मोटरच्या पत्र्याच्या बॉडीकडे आणि तीन पॉटकडे. रंगावर विश्वास ठेवू नका, कुठे जातात ते बघा. कनेक्टर काढून पॉटच्या दोन टोकांमध्ये मल्टीमीटर लावला तर माझा पाच किलो-ओहमच्या आसपास दाखवत होता, काहींचा दहा असतो. मग मधली वायर आणि एक टोक धरून, मोटरच्या दोन वायरींना चार पेन्सिल सेल जोडून (माझी मोटर ६ व्होल्टची होती, तुमची डबीवर वाचा) मोटर थोडी थोडी फिरवली. शेवटच्या टोकापर्यंत रेटू नका, गिअरचे दात जातात. आकडा सावकाश चढला-उतरला पाहिजे. माझा २.१, २.३ असा जाता जाता एकदम गायब व्हायचा आणि मग ३.८ वर उगवायचा. रेडिओचं बटण फिरवताना मधेच खरखर होते ना, तेच. आकडा अजिबात हलत नसेल आणि मोटर मात्र सुसाट फिरत असेल तर गिअरचे दात गेलेत.

माझ्याकडचं कारण नंतर कळलं. सायकल बाल्कनीच्या दाराशी, आणि आमच्या आईसाहेब चार वर्षं तिच्या हँडलवर ओले टॉवेल वाळत घालत होत्या. पाणी दांड्यावरून थेट आत. डबीच्या स्क्रूवर पांढरट बुरशी चढली होती.

पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) एक फवारा मारून तो वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवला तर महिनाभर चालला, मग परत तेच. शेवटी पुण्याच्या तापकीर गल्लीतून तितक्याच ओहमचा, त्याच लांबीच्या दांड्याचा पॉट आणला, चाळीस रुपये, आणि डाग दिला (सोल्डर केला). इथे एक गोष्ट जपा: डबी उघडताना गिअर आणि पॉट कुठल्या स्थितीत आहेत याचा फोटो काढा आणि स्केचपेनने खुणा करा. पॉट एक-दोन दात जरी सरकून बसला तरी बोर्डला वाटतं अजून जागा आहे, तो ओढत राहतो आणि गिअर तुटतो. गिअरच गेले असतील तर मात्र पूर्ण डबी घ्या, सुटे गिअर शोधत बसू नका. घेताना व्होल्ट, पिनांची संख्या, पॉटचे ओहम आणि केबलची लांबी चारही जुळवा. बोर्ड बदलायची गरज मला तरी दिसत नाही.

जोडल्यावर कव्हर लावायच्या आधी १६ लेव्हलवर पेडल फिरवून बघा, चुंबक चाकाला घासला नाही पाहिजे. घासत असेल तर केबलच्या टोकाचा नट थोडा ढिला करा. पहिल्या सात-आठ लेव्हलला काहीच फरक वाटत नसेल तर केबल ढिली आहे, तो नट उलट दिशेने. मी हे न बघता सगळे चौदा स्क्रू लावून टाकले होते आणि मग परत काढले.