भात-भाकरी सोडून कीटो (कर्बोदकं अगदी कमी, चरबी भरपूर असा आहार) सुरू केलं तर पळण्यावर काय परिणाम होतो? मी रत्नागिरीत रोज सकाळी पळतो.

वेगाने पळत असाल तर सोडू नका, असंच मी सांगेन. शरीर चरबी जास्त जाळायला शिकतं, हे खरं. पण तेवढीच ऊर्जा काढायला चरबीला कर्बोदकांपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो. भाट्याच्या सपाट वाळूवर रमतगमत पळताना फरक जाणवणार नाही, खाडीवरून सड्याकडे (वरच्या कातळ-पठाराकडे) चढताना दम लगेच सांगेल. ऑस्ट्रेलियात क्रीडा-आहारतज्ज्ञ लुईस बर्क यांनी वेगाने चालण्याच्या शर्यतीतल्या अव्वल खेळाडूंवर हेच तपासलं (2017). तीन आठवड्यांच्या सरावानंतर कर्बोदकं खाणाऱ्यांची 10 किलोमीटरची वेळ सुधारली, कीटोवाल्यांची नाही, चरबी भरपूर जळत असूनही.

तासन्‌तास संथ पळणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं, तिथे नुकसान कमी दिसतं.

आणि आपल्याकडची दमट हवा विसरू नका. कर्बोदकं कमी केली की सुरुवातीला लघवीवाटे पाणी-मीठ जास्त जातं, वर घाम. चक्कर येते ती बऱ्याचदा यानेच. मीठ घातलेलं कोकम सरबत, बिनसाखरेचं, जवळ ठेवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वजनच कमी करायचंय? मग रात्रीचा भात कमी करा, पळण्याआधीची उकड्या तांदळाची पेज राहू द्या.