वनस्पतींचं वर्गीकरण आणि जीवाश्म वनस्पती यांत करिअर होतं का? (प्रश्न इंदूरहून)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंदूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, वनस्पतिशास्त्र हा मुख्य विषय. झाडांचं वर्गीकरण आणि दगडातली झाडं यांतच काम करायची इच्छा आहे. घरचे म्हणतात आधी बी.एड. कर. तर यात पोट भरतं का, आणि सुरुवात कुठून करायची?

पोट भरतं. पण 'जीवाश्म वनस्पतितज्ज्ञ पाहिजे' अशी जाहिरात कधी तरी येईल म्हणून वाट बघत बसलात, तर नाही भरत. या विषयातले बहुतेक लोक पगार घेतात तो कॉलेजात शिकवण्याचा, सर्वेक्षणाचा किंवा प्रयोगशाळेतल्या दुसऱ्याच कामाचा, आणि त्याच्या जोडीने दगड कापतात. मीही त्यांतलीच. शिक्षण इंदूरला, पीएच.डी. दगड झालेल्या लाकडांवर, आणि नोकरी माळव्यातल्या एका सरकारी कॉलेजात, जिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना शेवाळं आणि बुरशी शिकवते.

तुम्ही दोन विषय एका दमात लिहिलेत, ते बरं केलंत, कारण माझ्या मते ते एकच आहेत आणि त्यांत वर्गीकरण आधी येतं. का ते सांगते. जीवाश्म म्हणून तुमच्या हातात पान-फूल-फळासकट झाड कधीच येत नाही. येतो लाकडाचा वीतभर तुकडा, बाहेरून तपकिरी आणि आतून गारगोटीसारखा. हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने त्याचे तीन दिशांनी काप घ्यायचे, एक आडवा आणि दोन उभे. काप काचपट्टीवर चिकटवायचा आणि कार्बोरंडमची पूड व पाणी घालून घासत राहायचं, पलीकडचा उजेड दिसेपर्यंत. साधारण 30 मायक्रॉन, म्हणजे 0.03 मिलिमीटर जाडीला पोचलात की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसू लागतात. व्हेसल (पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या) एकएकट्या आहेत की जोडीने, पॅरेन्कायमा (पातळ भिंतीच्या साठवणीच्या पेशी) त्यांच्याभोवती आहे की पट्ट्यांनी पसरलाय, किरण (आडवे जाणारे पेशींचे पट्टे) एका पेशीच्या रुंदीचे आहेत की पाच-सहा पेशींच्या, वार्षिक वलयं आहेत की नाहीत, हे टिपायचं. हे सगळं यंत्र आणि चिकाटी असली की कुणालाही जमतं. पण पुढचा प्रश्न असतो, हे झाड कुणाचं? तिथे आजच्या झाडांच्या लाकडाचे काप मांडून बसावं लागतं. कुठल्या कुळात काय सापडतं हे डोक्यात नसेल तर ती काचपट्टी नुसती शोभेची. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे, आणि इनसाइडवुड नावाचा डेटाबेस इंटरनेटवर फुकट बघता येतो, त्यात आजची आणि जीवाश्म दोन्ही लाकडं आहेत. आत्तापासून बघायला लागा.

आपण तर या खजिन्याच्या माथ्यावरच राहतो. इंदूर दख्खनच्या लाव्हावर वसलंय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थरांवर थर टाकत आला, आणि दोन थरांच्या मधल्या काळात जागोजागी तळी साचली, त्यांच्या काठी झाडं उगवली. पुढच्या लाव्ह्याखाली ती गाळासकट गाडली गेली आणि सिलिकायुक्त पाण्याने पेशीन् पेशी भरून काढली. याला आंतरट्रॅप थर म्हणतात. छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलां हे त्यातलं जगभर माहीत असलेलं नाव. शेतकऱ्याच्या लेखी ते नांगराला आडवे येणारे दगड, म्हणून बांधावर रचून ठेवलेले असतात.

मोहगावचीच एक गोष्ट सांगते, कारण या धंद्याचं काम नेमकं काय ते तिच्यात आहे. 1934 मध्ये जीवाश्म वनस्पतींचे शास्त्रज्ञ बिरबल साहनींनी एका दगड झालेल्या फळाला एनिग्मोकार्पॉन हे नाव दिलं. एनिग्मा म्हणजे कोडं, आणि नाव योग्यच होतं. 1944 मध्ये नागपूरचे व्ही. बी. शुक्ला यांनी तिथल्याच एका फुलाचं वर्णन केलं आणि त्याला साहनींच्या सन्मानार्थ साहनिअँथस म्हटलं. फुलाची रचना बारकाईने पाहिल्यावर दिसलं की हे फूल त्याच फळाचं. आणि कूळ कोणतं? लायथ्रेसी, म्हणजे मेंदी आणि धायटीचं कूळ. हे जुळलं ते मोठ्या यंत्रामुळे नाही. बीजांडं कशी लागतात, अंडाशयात किती कप्पे आहेत, असल्या ज्या गोष्टी दुसऱ्या वर्षाला आपण कंटाळत पाठ करतो, त्यांच्यावरून जुळलं. मोहगावलाच नायपा या पामची फळंही मिळाली आहेत. नायपा आज सुंदरबनसारख्या खाडीकाठच्या चिखलात वाढतो. छिंदवाड्यात खाडीचं झाड काय करत होतं, यावर भूवैज्ञानिकांनी बरीच वर्षं वाद घातला. वादाचा पाया मात्र एका फळाची अचूक ओळख हाच.

एकाच झाडाच्या फुलाला आणि फळाला दोन नावं, हे तुम्हाला चमत्कारिक वाटेल. जीवाश्मांत ते नियमाला धरून आहे, कारण तुकडे वेगवेगळे सापडतात आणि एकत्र जोडल्याचा पुरावा मिळेपर्यंत ते एकाच झाडाचे आहेत असं म्हणायचा कुणाला हक्क नाही. कोळशाच्या खाणीत मिळणारं पान ग्लॉसोप्टेरिस, त्याच झाडाचं मूळ वर्टेब्रारिया. नावांचे कायदे वाचायला रुक्ष आहेत, पण वाचाच. आजच्या वनस्पतींच्या नावांची गणती 1 मे 1753 पासून सुरू होते आणि जीवाश्मांची 31 डिसेंबर 1820 पासून. लॅटिनची भीती असेल तर सोडा, 2012 पासून नव्या जातीचं वर्णन इंग्रजीत दिलं तरी चालतं.

कुळंही हलत असतात. मांडूला गोरखचिंच आहे ना, ज्याला तिथे खुरासानी इमली म्हणतात, ते झाड माझ्या विद्यार्थिदशेतल्या पुस्तकांत बॉम्बेकेसीमध्ये होतं, आता भेंडी आणि जास्वंदीबरोबर माल्व्हेसीमध्ये आहे. डाळिंबाचं स्वतंत्र कूळ मोडून त्याला मेंदीच्या कुळात घातलं. परीक्षेत तुम्हाला एपीजीची, म्हणजे डीएनएवर आधारलेल्या फुलझाडांच्या वर्गीकरणाची, 2016 ची चौथी आवृत्ती विचारतील, पण हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, गेलात तर कपाटं बेंथम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतितज्ज्ञांच्या क्रमाने लावलेली दिसतील, म्हणजे 1862 ते 1883 मधल्या मांडणीने. त्या मांडणीत सायकॅड आणि पाइन द्विदल आणि एकदल यांच्या मध्ये कोंबलेले आहेत. जीवाश्म शिकणाऱ्याला हे बघून हसू येतं, पण कपाट शोधायचं असेल तर दोन्ही पद्धती यायला हव्यात.

आता सुरुवातीचं. लखनौच्या जीवाश्म संस्थेचा विचार पुढे करू, आधी या पावसाळ्यात इंदूरजवळच्या चोरल आणि पाताळपाणीला जा. माळव्याचं पठार तिथे संपून निमाडकडे उतरतं, त्यामुळे थोड्याच अंतरात झाडं बदलतात. राळामंडळ तर शहराच्या उंबऱ्यावर आहे, पण ते अभयारण्य असल्यामुळे तिथे फक्त बघायचं, नमुने तोडायचे नाहीत. इतर ठिकाणीही जमीन कुणाची ते विचारूनच. झाडं दाबून सुकवायची प्रेस घ्या, जुनी वर्तमानपत्रं घ्या. पावसाळ्यात कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी. सुकलेला नमुना चिकटवायचं शीट 28 बाय 42 सेंटिमीटरचं, आणि लेबलवर जागा, तारीख, उंची, फुलाचा ताजा रंग. सुकल्यावर रंग जातो, मग कुणी सांगू शकत नाही. ओळख पटवायला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 1993 ते 2001 या काळात मध्य प्रदेशच्या वनस्पतींचे तीन खंड काढले आहेत, बऱ्याच जुन्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत मिळतात. एक आगाऊ सल्ला: फुलझाडांच्या मागे सगळे असतात, तुम्ही गवतं शिका. गवत खात्रीने ओळखणारे लोक इतके कमी आहेत की पर्यावरणाचा अहवाल करणाऱ्या संस्था त्यांना शोधत फिरतात.

नोकरीची खरी गाठ एम.एस्सी.ला पडते, आणि हे कुणी वेळेवर सांगत नाही. जीवाश्म वनस्पती वनस्पतिशास्त्रातून करता येतात आणि भूविज्ञानातूनही. पण पदवीवर जे नाव छापलं जातं त्याने दारं ठरतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची परीक्षा यूपीएससी घेते, तिच्यात भूवैज्ञानिकाच्या जागेला वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. चालत नाही. तेल कंपन्या खडकातल्या परागकणांवरून थरांचं वय काढतात, ओएनजीसीच्या डेहराडूनच्या संस्थेत हे काम चालतं, पण त्यांच्या भूवैज्ञानिकाच्या भरतीलाही भूविज्ञानाची पदवी लागते. उलट भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि कॉलेजातली वनस्पतिशास्त्राची सहायक प्राध्यापकी ही दारं तुमच्यासाठी. दोन्हीकडून उघडणारं दार एकच मोठं, लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था.

तिच्याबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. साहनींनी 1946 मध्ये संस्थेची कल्पना प्रत्यक्षात आणली, आणि कोनशिला म्हणून जीवाश्म बसवलेला दगड तयार केला. 3 एप्रिल 1949 ला पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसवली गेली आणि आठवड्याभरात, 10 एप्रिलला, साहनी गेले. पुढे त्यांच्या पत्नी सावित्री साहनींनी संस्था उभी केली. (साहनींचा जन्म 1891 चा, आणि आपलं होळकर कॉलेजही त्याच सालचं. याला काही अर्थ नाही, मला आवडतं म्हणून लिहिलं.) 2015 पासून संस्थेच्या नावात नुसत्या वनस्पती राहिल्या नाहीत, 'पुराविज्ञान' आलं, म्हणजे जुनं हवामान, पुरातत्त्वातली धान्यं, परागकण, सगळंच. तिथे जीवाश्मांवर काम करणाऱ्यांपैकी किती तरी जण प्रत्यक्षात गेल्या काही हजार वर्षांच्या तळ्यांमधल्या परागकणांवर काम करतात. हवामानाच्या प्रश्नामुळे पैसा तिकडे आहे, तुम्ही डोळे मिटून घेऊ नका.

वाट अशी: एम.एस्सी., मग सीएसआयआर-यूजीसी नेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि पुढे सीनियर झालात की 42,000, घरभाडं वेगळं. पीएच.डी.ला चार-पाच वर्षं धरा. नंतर सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार 57,700 पासून सुरू होतो, केंद्रीय संस्थेतल्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञाचा 56,100 पासून. वाईट नाही. त्रास रकमेचा नाही, जागांचा आहे. जाहिरात वर्षानुवर्षं येत नाही, मधल्या काळात अतिथी विद्वान, म्हणजे कायम नसलेला शिक्षक, म्हणून राबावं लागतं. लग्न, घर, आईवडिलांची औषधं हे सगळं त्याच वर्षांत असतं. मला ती वर्षं निभावता आली कारण घरात दुसरा पगार होता. हे सांगितल्याशिवाय बाकीचा सल्ला देणं बरोबर नाही.

मधल्या काळात वर्गीकरण पोसतं, जीवाश्म नाही. पर्यावरण आघात मूल्यांकनात जैवविविधतेच्या भागाला वनस्पती ओळखणारा माणूस लागतोच. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव नोंदवह्या करायच्या असतात. आणि नीमचची औषधी वनस्पतींची मंडी विसरू नका. अश्वगंधा म्हणून पोत्यात नक्की काय आलंय हे सूक्ष्मदर्शकाखाली भुकटी बघून सांगणारा माणूस औषधं बनवणाऱ्यांना हवा असतो. लाकडाचे काप बघून बघून जी नजर बसते तीच इथे उपयोगी पडते.

बी.एड.चं म्हणाल तर घरच्यांशी भांडू नका, क्रम बदलून घ्या. मध्य प्रदेशात उच्च माध्यमिक शिक्षकाच्या जागेला बी.एड.बरोबर पदव्युत्तर पदवी लागतेच. म्हणजे आधी एम.एस्सी. केलं तरी त्यांचा रस्ता बंद होत नाही, आणि तुमचाही. हे त्यांना याच शब्दांत सांगा.

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी लखनौला किंवा पुण्याच्या आघारकर संस्थेला लिहाल, तेव्हा पत्रात आवड आहे एवढंच लिहून थांबू नका. कोणत्या कुळांची झाडं खात्रीने ओळखता येतात, मायक्रोटोम (पातळ काप घ्यायचं यंत्र) चालवता येतो का, स्वतःची किती शीट्स आहेत, ते लिहा. हायड्रोफ्लोरिक आम्लाने दगड विरघळवायचं काम कुणी सांगितलं तर कधीही एकट्याने, धुराच्या कपाटाबाहेर (फ्यूम हूडबाहेर) करू नका. ते आम्ल हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला कळतही नाही. आणि सुट्टीत घुघवाच्या जीवाश्म उद्यानाला जाऊन या. डिंडोरी जिल्ह्यात शहापुऱ्याजवळ आहे, इंदूरहून रात्रीच्या गाडीने जबलपूर आणि पुढे रस्त्याने. तिथल्या दगडी खोडांपैकी बऱ्याच जणांचे आजचे नातलग पश्चिम घाटाच्या ओल्या जंगलात आहेत. ते राष्ट्रीय उद्यान आहे, त्यामुळे तुकडा उचलायचा नाही. फोटो काढाल तेव्हा शेजारी पट्टी ठेवा, नाहीतर मला पाठवलेत तरी मापाशिवाय काही सांगता येणार नाही.