भाषण तर ऐकलं, पण बटण कुठलं दाबलं?

या महिन्यात टपालात आणि ईमेलमध्ये एकाच जातीचे प्रश्न जास्त आलेत. आमचे खासदार, आमचे आमदार बोलतात एक, मग सभागृहात मत काय देतात, ते कुठे बघायचं? म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न (रेशनकार्ड, सातबारा वगैरे) पुढच्या अंकात.

प्रश्न : ताई, मी रिटायर्ड शिक्षक. आमच्या खासदारांनी बाजारपेठेत सभा घेतली, शेतकऱ्यांसाठी असं बोलले की माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, बाबा, तिकडे दिल्लीत मत काय दिलं ते बघा आधी. दोन दिवस लॅपटॉपवर बसलो. हजेरी सापडली, विचारलेले प्रश्न सापडले, किती चर्चांत भाग घेतला तेही सापडलं, पण मतदान कुठंच नाही. मी चुकीच्या जागी बघतोय का? नाव-गाव छापू नका, खासदार ओळखीचे आहेत.

उत्तर : काका, जागा बरोबर आहे, तिथे ती वस्तूच नाहीये. हजेरी, प्रश्न, चर्चा, खासगी विधेयकं हे पीआरएसवाले (संसदेच्या कामाची नोंद ठेवणारी संस्था) छान मांडून ठेवतात, पण मत त्यात नाही, कारण बहुतेक विधेयकांवर नावानिशी मत नोंदवलंच जात नाही. आवाजी मतदान होतं. अध्यक्ष विचारतात, बाजूचे 'होय' ओरडतात, विरोधातले 'नाही' ओरडतात, अध्यक्षांना ज्याचा आवाज मोठा वाटला त्याचं बहुमत, झालं विधेयक मंजूर. कोण ओरडलं, कोण गप्प बसलं आणि कोण त्या वेळी कँटीनमध्ये होतं याची नोंद शून्य.

तुम्ही शेतकऱ्यांचंच काढलंत म्हणून तेच उदाहरण घ्या. २०२० चे कृषी कायदे. १७ सप्टेंबरला लोकसभेत दोन मुख्य विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली, त्याच दिवशी अकाली दलाच्या हरसिमरत कौर बादल यांनी मंत्रिपद सोडलं. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधकांनी मतविभागणी (म्हणजे नावानिशी मोजणी) मागितली, गोंधळ झाला, उपसभापतींनी आवाजी मतदान घेतलं. पुढे वर्षभर दिल्लीच्या सीमांवर आंदोलन चाललं आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांनी एकाच दिवसात चर्चेशिवाय ते कायदे मागे घेतले, तेही आवाजी मतदानानेच. म्हणजे कायदे आले तेव्हा तुमच्या खासदाराने काय केलं ते कागदावर नाही आणि गेले तेव्हा काय केलं तेही नाही! आता सभेत ते काहीही बोलू शकतात, तुम्ही खोडून काढणार कशाने?

पण काही वेळा नावं मिळतात. घटनादुरुस्तीचं विधेयक असलं की मतविभागणी घ्यावीच लागते, कारण तिथे एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश असा दुहेरी हिशोब असतो, तो ओरडून होत नाही. किंवा कुणी मतविभागणी मागितली आणि अध्यक्षांनी दिली तर. मग बाकावरचं हिरवं, लाल किंवा पिवळं बटण. हिरवं होय, लाल नाही, पिवळं तटस्थ. बटण चाललं नाही तर चिठ्ठी.

ही यादी त्या दिवसाच्या छापील कामकाजात असते, संसदेच्या साइटवर मिळते. इंग्रजी अक्षरक्रमाने आडनावं, नुसती नावं, पक्ष नाही की मतदारसंघ नाही. त्यामुळे आडनावाने शोधा, आणि आपल्याकडे पाटील, शिंदे, जाधव किती ते तुम्हाला मी सांगायला नको, तेव्हा पूर्ण नाव जुळवा. आकड्याला एक चांदणी लावलेली असते, 'दुरुस्तीच्या अधीन' अशा अर्थाची. तिच्या खालची बारीक टीप सोडू नका, चिठ्ठीने मत दिलेल्यांची नावं तिथे असतात. मी एकदा एका खासदाराला मुख्य यादीत नाव नाही म्हणून गैरहजर ठरवून मोकळी झाले होते, ते साहेब चांदणीखाली निघाले. जीभ चावली.

प्रश्न : आमच्या नेत्यांचा पक्ष विधेयकाच्या विरोधात बोलला आणि सभात्याग केला. मित्र म्हणतो हा छुपा पाठिंबा. मी म्हणतो बाहेर जाणं म्हणजे विरोधच ना? पैज लागलीय, मिसळीची.

उत्तर : मिसळ तुम्हाला द्यावी लागणार बहुतेक. बाहेर गेल्याने काय होतं ते भाषणावर नाही, बेरजेवर ठरतं.

डिसेंबर २०१२ चं बघा. किराणा क्षेत्रात परदेशी गुंतवणूक येऊ द्यायची की नाही यावर सुषमा स्वराज यांनी लोकसभेत विरोधाचा ठराव आणला. समाजवादी पक्ष आणि बसप, दोघेही चर्चेत परदेशी गुंतवणुकीच्या विरोधात बोलले. ५ डिसेंबरला मतदानाची वेळ आली तशी दोघेही उठून बाहेर. ठराव २१८ विरुद्ध २५३ ने पडला. आता पाटी घ्या. सपाचे २२, बसपचे २१, मिळून ४३. हे ४३ जे बोलले तेच बटण दाबायला थांबले असते तर २१८ अधिक ४३, म्हणजे २६१. ठराव मंजूर, सरकारची फजिती. भाषण एका बाजूला गेलं, बेरीज दुसऱ्या बाजूला. आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत बसपने सरळ सरकारच्या बाजूने मत दिलं, तेव्हा आडपडदाही राहिला नाही.

तसंच ३० जुलै २०१९, राज्यसभा, तिहेरी तलाक. सत्ताधारी आघाडीकडे तिथे बहुमत नव्हतं. नितीशकुमारांचा जदयू आघाडीतला, पण विधेयकाला विरोध करून सभात्याग केला, अण्णाद्रमुकही बाहेर पडला. सभागृहातली डोकी कमी झाली की बहुमताचा उंबरठाही खाली येतो ना! विधेयक ९९ विरुद्ध ८४ ने पास.

पण प्रत्येक सभात्याग असा नसतो बरं का. समजा, सरकारकडे ३०० च्या वर खासदार आहेत आणि २० जण बाहेर गेले तर निकालाला फरक शून्य, तो नुसता निषेध. म्हणून आधी फरक किती मतांचा ते बघायचं, मग बाहेर किती गेले ते, आणि दुसरा आकडा मोठा असला तर मित्राला मिसळ, सोबत ताक पण.

प्रश्न : ताई मी एमपीएससी करतेय. व्हिप (पक्षादेश) असतो म्हणजे मत पक्षाचंच असतं मग एका माणसाचं भाषण आणि मत जुळवण्यात काय पॉइंट आहे? त्याच्या हातात काय आहे?

उत्तर : बरोब्बर मुद्द्यावर आलीस. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं, पक्षांतरबंदी. पक्षादेश मोडून मत दिलं, किंवा मत दिलंच नाही, आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे मतविभागणीची यादी वाचताना तू पक्षाचं मत वाचतेस, माणसाचं फारच क्वचित. जानेवारी २०१९ मध्ये आर्थिक दुर्बलांच्या १० टक्के आरक्षणावर लोकसभेत काँग्रेससकट विरोधी बाकांवरून काय काय टीका झाली, निवडणुकीच्या तोंडावर आणलं, घाई कशाला, संयुक्त समितीकडे पाठवा, आणि निकाल? ३२३ विरुद्ध ३. टीका करणारे बहुतेक 'होय'मध्येच.

याच्या उलट २० सप्टेंबर २०२३, महिला आरक्षण, ४५४ विरुद्ध २. ते दोन म्हणजे असदुद्दीन ओवेसी आणि आपल्या औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना वेगळा वाटा नाही म्हणून विरोध, असं बोलले आणि मतही तेच दिलं. भूमिका पटो न पटो, तोंड आणि बटण एका रेषेत होतं. अर्थात लोकसभेत त्यांचा पक्षच दोघांचा, त्यामुळे व्हिपची अडचण कुठली!

मग माणूस कुठे दिसतो? जिथे व्हिप नसतो तिथे. समितीत. विधेयक समितीकडे गेलं की सदस्याला पटलं नाही तर तो भिन्नमतपत्रिका, म्हणजे डिसेंट नोट, जोडू शकतो, आणि ती अहवालात छापली जाते. माझ्या मते माईकवरच्या दहा भाषणांपेक्षा ते एक पान जास्त खरं. आपल्याकडचंच बघ, महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. संयुक्त चिकित्सा समितीत विरोधी पक्षांचे मोठे नेते होते, १२ हजारांवर सूचना आल्या. १० जुलै २०२५ ला विधेयक विधानसभेत आलं तेव्हा मुख्यमंत्री फडणवीस यांनी सांगून टाकलं की समितीतल्या एकानेही भिन्नमतपत्रिका दिलेली नाही. मतदान आवाजी. उघड, ठाम विरोध केला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांचा सभात्याग, आणि मग बाहेर निदर्शनं, पत्रकार परिषदा, हा काळा कायदा वगैरे. कायदा चांगला की वाईट ते तू ठरव. पण परीक्षेत उतारा आला तर लिही, सभागृहाबाहेरचा आवाज मोठा होता आणि समितीतला कागद कोरा होता.

प्रश्न : आमदार साहेबांच्या रील्स बघून मी फॅन झालो. सभागृहात एकदम वाघ. तपासायचं म्हणजे काय तपासायचं त्यात?

उत्तर : रील ४० सेकंदांची, भाषण १२ मिनिटांचं. शेवटचं वाक्य बघा मित्रा. कितीतरी वाघ शेवटी 'आणि या सूचनांसह मी विधेयकाला पाठिंबा देतो' म्हणून खाली बसतात, ते रीलमध्ये येत नाही. लोकसभेत तर अजून एक गंमत आहे, भाषण न करता लिहून पटलावर ठेवता येतं. छापील कामकाजात ते भाषणासारखंच येतं, फक्त एक खूण असते, पटलावर ठेवलं म्हणून. अशी न केलेली भाषणं 'मी संसदेत आवाज उठवला' म्हणून पोस्टरवर येऊ शकतात. खूण बघायची.

प्रश्न : लंडनहून लिहितोय. इथे माझ्या खासदाराची सगळी मतं एका वेबसाइटवर दिसतात, आई-बाबांच्या मतदारसंघाचं काहीच दिसत नाही. भारतात अशी साइट का नाही काढत कुणी?

उत्तर : साइट काढायला कच्चा माल लागतो हो. तुमच्याकडे वादाच्या विषयावर मतविभागणी नेहमीची, आपल्याकडे ती अपवाद. आणि शिक्षेतला फरक बघा. जुलै २०२४ मध्ये दोन मुलांपुरत्याच मिळणाऱ्या भत्त्याच्या मर्यादेवरून लेबर पक्षाच्या सात खासदारांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध मत दिलं, पक्षाने निलंबित केलं, पण खासदारकी शाबूत. आपल्याकडे खासदारकीच धोक्यात येते. तेव्हा तिथली साइट माणसाबद्दल जे सांगते ते इथली साइट सांगूच शकणार नाही, पक्षाबद्दल सांगेल. तेही थोडं नाही म्हणा.

प्रश्न : तुम्ही पत्रकार लोक ठरावीक पक्षांचीच लफडी काढता. निःपक्ष असाल तर छापून दाखवा.

उत्तर : छापलं. आता घ्या. २०१३ चा भूसंपादन कायदा, भाजपने लोकसभेत पाठिंबा दिला, आधी ज्या स्थायी समितीने तो तपासला तिच्या अध्यक्ष सुमित्रा महाजन. सत्तेत आल्यावर ३१ डिसेंबर २०१४ ला वटहुकूम, पाच प्रकारच्या प्रकल्पांसाठी शेतकऱ्यांच्या संमतीची अट बाजूला. शिवसेना, डिसेंबर २०१९, नागरिकत्व दुरुस्ती विधेयक. ९ तारखेला लोकसभेत बाजूने मत, ११ ला राज्यसभेत सभात्याग, मधल्या काळात मुंबईतल्या नव्या सरकारमधले मित्रपक्ष नाराज. काँग्रेस, सपा, बसप, जदयू वर येऊन गेलेच. अजून कुणी राहिलं असेल तर कळवा, जागा आहे.

प्रश्न : (शिक्षक काकांचंच दुसरं पत्र) तुमचा निरोप वाचून यादी काढली. एका घटनादुरुस्तीला आमच्या साहेबांचं नाव होयमध्येही नाही, नाहीमध्येही नाही, चांदणीखालीही नाही. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, साहेब त्या दिवशी हजर होते, रजिस्टर बघा. रजिस्टरप्रमाणे हजर आहेतही. मग?

उत्तर : दोन्ही खरं असू शकतं. हजेरी ही त्या दिवशी आल्याची, मतदानाच्या वेळी आत असल्याची नाही. (साहेब मंत्री असते तर हजेरीही मिळाली नसती, मंत्र्यांना ती लागत नाही.) मतदानाआधी घंटा वाजते, मग दारं बंद होतात, बाहेर राहिला तो राहिला. आपल्या विधानसभेत जुलै २०२२ मध्ये काय झालं आठवा. ३ तारखेला अध्यक्षाच्या निवडणुकीत विरोधकांची १०७ मतं, ४ तारखेला विश्वासदर्शक ठरावाच्या शिरगणतीत ९९. मधले आठ? काँग्रेसचे काही आमदार उशिरा पोचले आणि दारं लागलेली होती. म्हणून कार्यालयात परत जा आणि हजर होते का हे विचारूच नका, दारं बंद झाली तेव्हा साहेब कुठल्या बाजूला होते ते विचारा. उत्तर लेखी मागा, आणि आलं तर मला पाठवा, गावाचं नाव खोडून.