टिकायचं कसं आणि बोलायचं कधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. या धंद्यात टिकायचं कसं आणि देशाबद्दल नटाने बोलावं की गप्प बसावं, असे तुझे दोन प्रश्न. दुसऱ्या प्रश्नाने तुझी झोप उडालेली दिसते. मला मात्र पहिलाच जास्त अवघड वाटतो.

शॉट दोन मिनिटांचा असतो, लायटिंगला दोन तास जातात. त्या वेळात व्हॅनमध्ये फोन चाळत बसू नकोस, सेटवर ये. फोकस पुलर, म्हणजे चित्र स्पष्ट ठेवणारा कॅमेरा सहायक, तुझ्या डोळ्यांपासून कॅमेऱ्यापर्यंत टेप लावून अंतर मोजतो, ते नीट बघ. मार्क, म्हणजे उभं राहायची जमिनीवरची खूण, सोडून तू चार बोटं पुढे सरकलास तर तुझा जीव तोडून केलेला अभिनय धूसर होतो आणि शिव्या त्याला खाव्या लागतात. कप कोणत्या शब्दावर, कोणत्या हाताने उचललास तेही लक्षात ठेव. मास्टरमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र टिपणाऱ्या शॉटमध्ये, उजवा हात आणि क्लोजअपमध्ये डावा, असं झालं की एडिटरला तुझा सगळ्यात चांगला टेक बाजूला ठेवावा लागतो. याला अभिनय म्हणत नाहीत हे खरं, पण दिग्दर्शक पुन्हा बोलावतो तो बऱ्याचदा यावरूनच.

‘वय निघून चाललंय’ असं लिहिलंयस. डॉ. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे सर्जन होते, चाळिशी ओलांडल्यावर पूर्णवेळ नट झाले. अर्थात तोपर्यंत नाटक त्यांनी सोडलेलं नव्हतं, हे सोयीस्करपणे विसरू नकोस. तूही सोडू नकोस. मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, तेही आले तर. तेवढे महिने घरभाडं निघेल अशी तजवीज आधी कर. करार सही करण्यापूर्वी वाच, कळला नाही तर कळणाऱ्याला दाखव. हातात पडते ती रक्कम १० टक्के टीडीएस कापून येते. बाकीचा कर आपला आपण भरायचा असतो, तोही वेळेवर. देशाबद्दल बोलायचंच असेल तर सुरुवात इथून करावी, असं माझं जुनाट मत आहे.

आता तुझी ती वर्दीतली भूमिका. चांगली आहे, जरूर कर. फक्त छातीवरच्या पदकांच्या रिबनचा क्रम ठरलेला असतो, तो ड्रेसवाल्याच्या भरवशावर सोडू नकोस. एखाद्या निवृत्त जवानाला गाठ, सॅल्यूट शिकून घे, टोपी काढल्यावर हाताचं काय करायचं तेही विचार. सिनेमा चालला की लोक तुला शाळांच्या कार्यक्रमांना बोलावतील, सीमेबद्दल तुझं मत विचारतील. तेव्हा सांगायचं, मी ते कपडे भाड्याने घातले होते. त्या विषयावर बोलायला खरा माणूस सापडतो, त्यालाच स्टेजवर बोलवा म्हणावं.

याचा अर्थ तोंडाला कुलूप लाव असा नाही. निळूभाऊ फुले पडद्यावर आले की बाया त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या. तोच माणूस तरुणपणी माळीकाम करत राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडला आणि पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभा राहिला. डॉक्टर लागू आणि निळूभाऊंसारख्या नटांनी नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसे जमवले. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना त्यातून मानधन मिळावं, हा हेतू. दोघंही सडेतोड बोलायचे, लोकांचा रागही ओढवून घ्यायचे. पण तिकीट विकून, प्रयोग करून, म्हणजे आपल्याला जे येतं तेच करून त्यांनी मदत उभी केली होती, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन होतं. रात्री दोन ओळी टाकून सकाळी किती जणांनी वाहवा केली ते मोजणं, हा निराळा उद्योग आहे. तो करायचा तर कर, पण त्याला धाडस म्हणू नकोस.

राहता राहिली ती तुला आलेली वेलचीची जाहिरात. वेलचीच्या नावाखाली पान मसाला खपवला जातो हे तुलाही ठाऊक आहे, म्हणूनच तर मला विचारलंस. माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. मोठमोठी नावं करतात हा युक्तिवाद माझ्यापुढे चालवू नकोस. त्यांनी काय करावं हे त्यांनी मला विचारलेलं नाही. पैशांची खरंच नड असेल तर आकडा मोकळेपणाने कळव. माझ्या ओळखीत डबिंगची कामं निघतात, तुझा आवाज बरा आहे, तेवढ्यावर काही महिने निघतील.

तुझा,
काका