कुत्रा सोफ्यावर चढू नये म्हणून काय करावं? दोन फटके दिले तर शिकेल का?

तुम्ही लिहिलंय की दहा महिन्यांचा लॅब्रेडॉर तुमच्यासमोर सोफ्याकडे फिरकतही नाही, पण कामावरून परत आलात की गादीवर केस असतात आणि मधोमध उबदार खळगा पडलेला असतो. घरातले म्हणतात, दोन फटके द्या, आपोआप शिकेल.

आधी फटक्यांबद्दल. शिकेल, पण काय शिकेल? तुम्ही असताना चढायचं नाही, एवढंच. ते तर तो शिकलेलाच आहे, तुमच्या प्रश्नातच दिसतंय. म्हणजे कुणीतरी आधीच हात उगारलाय, नाहीतर जोरात ओरडलंय. आता आणखी मारलंत तर तो तुमच्या गाडीचा आवाज ओळखून वेळेत उतरायला शिकेल. कुत्र्याच्या लेखी मार सोफ्याशी जोडलेला नसतो, मारणाऱ्या माणसाशी जोडलेला असतो. माणूस गेला की सोफा पुन्हा मऊ.

हे मी इतकं ठासून सांगतेय, कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात मोठं भांडण झालं होतं आणि एका जिवाला घराबाहेर काढायची वेळ येऊन ठेपली होती.

आम्ही सांगलीचे. आमच्याकडे कारवान जातीचा शिकारी कुत्रा आहे, सर्जा. कर्नाटकात यालाच मुधोळ म्हणतात. मामंजींनी जतकडच्या एका ओळखीच्या धनगराकडून पिल्लू आणलं होतं. ज्यांनी ही जात जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: उंच, सडसडीत, पोट आत गेलेलं, केस अगदी आखूड आणि अंगावर चरबी नावालाही नाही. कोपराचं हाड थेट कातडीला टेकलेलं असतं. असा कुत्रा रोज फरशीवर आडवा झाला की कोपर घासतं, केस जातात, कातडी काळी आणि राठ होते, कधी तिथे पाणी भरून गाठ येते. डिसेंबरातल्या रात्री फरशी कशी गार पडते ते अनवाणी पायांना विचारा. त्यामुळे सर्जा दिवाणावर चढायचा तेव्हा तो माज करत नव्हता. त्याला मऊ आणि ऊबदार जागा हवी होती, आणि घरात तशी ती एकच होती.

सासूबाईंना दिवाणावर कुत्रा चालत नव्हता. बैठकीतच देव्हारा आहे, पाहुणेही तिथेच बसतात. मलाही ते पटत होतं. नियमाबद्दल आमचं भांडण कधीच नव्हतं.

भांडण झालं ते गणपतीत. थोरले भाऊजी दरवर्षी मुंबईहून येतात. त्या वर्षी सर्जा जेमतेम वर्षाचा असेल. दुपारी जेवणं आटोपून सगळे जरा लवंडले होते आणि सर्जा दिवाणावर मामंजींच्या पायांशी मुटकुळं करून झोपला होता. भाऊजींनी पट्ट्याला धरून त्याला खसकन खाली ओढलं आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून नाकावर दोन हाणल्या. सर्जाने मान वळवली, ओठ चाटले, एक मोठी जांभई दिली. भाऊजी म्हणाले, बघा, काही फरक पडला का साहेबांना? जांभया देतोय! घाबरलेला कुत्रा अगदी असंच करतो. नजर टाळतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. तो सांगत असतो की मला भीती वाटतेय, आता पुरे. ज्याला हे वाचता येत नाही त्याने कुत्र्याला शिकवायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दिवशी भाऊजींचा हात पुन्हा पट्ट्याकडे गेला आणि सर्जा गुरगुरला. चावला नाही, दातही लावला नाही, फक्त गुरगुरला. झालं. कुत्रं चावरं झालंय, घरात लहान पोरं आहेत, शेतावर सोडून या. सगळ्या नातेवाइकांसमोर हे बोलणं झालं. वर मला उपदेश, की तू त्याची म्होरकी झाली पाहिजेस, लांडग्यांच्या कळपात असंच असतं, जो उंचावर बसतो तो स्वतःला राजा समजतो. आणि शेवटी, ही गावठी जात, माराशिवाय वठणीवर येत नाही.

गावठी! २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ आहे. आणि शिकारी जात म्हणजे दांडगट, हाही एक गैरसमज. कारवान फार मनाला लावून घेणारा कुत्रा असतो. आवाज चढला तरी दिवसभर कोपऱ्यात बसून राहतो.

लांडग्यांचं ते राजेपण कुठून आलं तेही मी नंतर शोधून वाचलं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवर रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली लिहिलं होतं. तिथे कोंडलेले प्राणी वर्चस्वासाठी झगडताना दिसले. पुढे रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेल्या डेव्हिड मीच (Mech) यांनी १९९९ च्या शोधनिबंधात मांडलं की रानातला कळप म्हणजे साधारणपणे एक कुटुंब असतं: आई, बाप आणि त्यांची पोरं. आईबाप पुढे असतात ते आईबाप म्हणून, मारामाऱ्या जिंकून नव्हे. हेच अभ्यासक आधी स्वतः म्होरक्याची भाषा वापरायचे आणि पुढे त्यांनीच ती खोडून काढली. आणि मुळात सोफ्यावर चढलेला लॅब्रेडॉर म्हणजे लांडगा नव्हे. सोफ्याला तुमचा वास येतो, तो मऊ आहे, तिथून खिडकी दिसते. म्हणून चढतो, बास.

गुरगुरण्याबद्दल तर मी आजही कुणाशीही वाद घालीन. गुरगुरणं म्हणजे इशारा, आणि इशारा देणारा कुत्रा चांगला कुत्रा. मारून मारून त्याचा तो इशारा बंद केलात तर पुढे न गुरगुरता चावणारा कुत्रा तुमच्या वाट्याला येतो. आणि ‘शेतावर सोडणं’ म्हणजे काय, तेही सांगते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली जनावराला मारणं गुन्हा आहे आणि पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणंही गुन्हा आहे. हे मी भाऊजींना तोंडावर सांगितलं. थोरल्या दिराला सुनेने कायदा ऐकवावा, हे घरात कुणालाच रुचलं नाही. सर्जा मात्र घरातच राहिला.

आता आम्ही काय केलं ते. सासूबाईंच्या जुन्या नऊवारी लुगड्यांची एक जाड वाकळ होती. ती चौघडी करून दिवाणाशेजारी अंथरली. त्याला मऊ जागा मिळाली आणि वर घरच्या माणसाचा वासही. तो आपणहून वाकळीवर गेला की लगेच, म्हणजे एक-दोन सेकंदांत, उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा बारीक तुकडा तिथेच ठेवायचा. हातातून भरवायचा नाही, वाकळीवर ठेवायचा, म्हणजे चांगलं काही त्या जागेवर मिळतं हे त्याला कळतं. दिवाणावर चढलाच तर ओढायचं नाही, पट्ट्याला हात लावायचा नाही. तुकडा दाखवून खाली बोलवायचं, वाकळीवर न्यायचं, तिथे द्यायचं. हे सवयीचं झालं की मग शब्द जोडायचा. आमचा शब्द ‘जागेवर’. सगळ्यांनी तोच वापरायचा. आधी सासूबाई हड म्हणायच्या, हे डाऊन म्हणायचे, लेक नुसतीच किंचाळायची. त्याने नेमकं कुणाचं ऐकावं?

तरी काही केल्या दुपारचं चढणं थांबेना. सकाळ-संध्याकाळ वाकळीवर, दुपारी दिवाणावर. मग लक्षात आलं की मामंजीच त्याला वर घेतात. त्यांचे गुडघे दुखतात, कुत्र्याच्या अंगाची ऊब बरी वाटते, आणि सासूबाईंची तेव्हा झोपेची वेळ. आणि हेच मामंजी बाकीच्या वेळी ‘उतर खाली’ म्हणून ओरडायचे. तुमच्याही घरात असं कुणीतरी आहे, मी पैजेवर सांगते. आधी ते माणूस शोधा. दहा वेळा नाही म्हटलं आणि अकराव्या वेळी चालवून घेतलं की सवय उलट जास्त चिवट होते, एकदा आकडा लागलेला माणूस मटका सोडत नाही तशी. वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या स्किनर यांनी कबुतरं आणि उंदरांवर हे कधीच दाखवून दिलंय: बक्षीस अधूनमधून मिळत असेल तर प्राणी जास्त काळ प्रयत्न करत राहतो.

मामंजींना कोण बोलणार? मी बोलले नाही. त्यांची आरामखुर्ची दिवाणाजवळ आणली आणि वाकळ खुर्चीच्या पायाशी सरकवली. आता दुपारी पाय सर्जाच्या पाठीवर आणि सर्जा वाकळीवर. दोघांचंही भागलं, सासूबाईंचंही. काही आठवड्यांत दिवाणाचा विषयच संपला. पुढच्या गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना सर्जा त्या वाकळीवरून हलला नाही. भाऊजी म्हणाले, म्हातारा व्हायला लागला वाटतं. दोन वर्षांचा कुत्रा म्हातारा!

तुमच्या अडचणीत एक गोष्ट वेगळी आहे, तुम्ही दिवसभर घरी नसता. घरी नसताना शिकवता येत नाही, फक्त अडवता येतं. म्हणून बाहेर जाताना सोफ्यावर खुर्च्या आडव्या ठेवा किंवा त्या खोलीचं दार लावा. प्रत्येक वेळी गुपचूप तिथे झोपायला मिळालं तर संध्याकाळचं शिकवणं वाया जातं. त्याची जागा सोफ्याच्या जवळच आणि जमल्यास खिडकीपाशी करा, बाल्कनीच्या टोकाला नको. त्यावर तुमची जुनी, न धुतलेली चादर घाला. सकाळी निघण्याआधी चांगलं दमवून आणा, दहा महिन्यांच्या लॅबला सोसायटीच्या दारापर्यंतची फेरी म्हणजे काहीच नाही. शिकवताना सुरुवातीला काही दिवस तो जास्तच चढेल, भुंकेल, पंजा मारेल. जे आजवर चालत होतं ते का चालत नाही, हे तो तपासून बघत असतो. नेमकं तेव्हाच घरातले म्हणतील, बघा, लाडाने बिघडला, आता द्या दोन. तिथे ठाम राहा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सोफ्यावर कुत्रा बसणं यात मुळात वाईट काही नाही. घरातल्या सगळ्यांना चालत असेल तर खुशाल बसू द्या, फक्त गोचिडांकडे लक्ष ठेवा. पावसाळ्यात त्या सोफ्याच्या शिवणीत आणि भिंतीच्या फटीत शिरून अंडी घालतात, मग नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही. तुमचा कुत्रा सोफ्यावर कुणी जवळ आलं की दात दाखवत असेल किंवा चावला असेल, तर माझ्या उत्तरावर विसंबू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, दुखण्यामुळेही कुत्रे असं करतात, आणि लॅबमध्ये कंबरेच्या सांध्याचा त्रास बराच आढळतो. मग मार न देता शिकवणारा जाणकार गाठा. गळ्याला काट्यांचा किंवा विजेचा पट्टा बांधायला सांगणारा कितीही नावाजलेला असला तरी त्याला दारातूनच परत पाठवा.

आणि तुकड्यांबद्दल. लॅब खादाड असतो, त्यामुळे तुमचं काम माझ्यापेक्षा सोपं आहे. कारवानला अंड्याचं आमिषसुद्धा कधी कधी दिसत नाही. पण हाताशी आहे म्हणून वाटेल ते देऊ नका. आमच्या भागात तासगावचा बेदाणा घरोघरी असतो आणि लोक प्रेमाने मूठभर कुत्र्यापुढे टाकतात. द्राक्षं, मनुके, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, थोड्याशानेही. चॉकलेट आणि कांदाही नको. उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन किंवा पनीर, नखाएवढा तुकडा पुरतो, आणि तेवढं संध्याकाळच्या जेवणातून कमी करा.