तीस-पस्तीस टक्के सूट, पण कशावर? महाविद्यालयीन ग्रंथखरेदीविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की महाविद्यालयांतल्या ग्रंथपालांचे फोन आणि पत्रं वाढतात. मार्च जवळ येतो तशी विचारणाऱ्याची घाई वाढते, प्रश्न मात्र तेच असतात. सूट किती घ्यावी, कोटेशनं किती मागवावीत, बिल कधी पास करावं. नागपूर शहरातून आणि कामठी, काटोल, उमरेड, रामटेककडून आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. नावं मुद्दाम गाळली आहेत. शासकीय, अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वायत्त संस्थांचे नियम वेगवेगळे असतात, तेव्हा माझं उत्तर वाचून लगेच ऑर्डर काढू नका. आधी आपल्या लेखा विभागाशी बोला.

छापील पुस्तकांच्या बिलात पुरवठादाराने जीएसटी लावला आहे. द्यायचा का? (काटोल)

नाही. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. बिल परत पाठवा आणि दुरुस्त करून मागवा. ई-पुस्तकं आणि डेटाबेस यांचा हिशेब वेगळा असतो, तो संस्थेच्या सनदी लेखापालांना विचारा.

प्रत्येक पुस्तकाला तीन कोटेशनं हवीतच, असं आमचं कार्यालय सांगतं. हे खरं का? (कामठी)

असा नियम कुठे लिहिलाय ते कार्यालयाला दाखवायला सांगा. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘पहिल्यापासून असंच आहे.’ केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये नियम १४३ खाली ‘वस्तू’ची व्याख्या दिली आहे. ग्रंथालयासाठीची पुस्तकं, प्रकाशनं आणि नियतकालिकं तिच्यातून स्पष्ट शब्दांत वगळली आहेत. ते योग्यच आहे. एका पुस्तकाचा प्रकाशक एक, किंमत त्यानेच छापलेली. मग निविदेत स्पर्धा लावायची ती कशाची?

पण हे नियम केंद्रीय संस्थांसाठी आहेत. तुमचं महाविद्यालय अनुदानित आहे, म्हणजे राज्याचे खरेदी नियम आणि तुमच्या संस्थेचे ठराव दोन्ही पाहावे लागतील. उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. बऱ्याच ठिकाणी चालणारी आणि मला पटणारी पद्धत अशी: वर्षाच्या सुरुवातीला पुरवठादारांकडून पुस्तकांचे भाव मागवायचे नाहीत, अटी मागवायच्या. कोणत्या प्रकारच्या पुस्तकावर किती सूट, किती दिवसांत पुरवठा, खराब प्रत बदलून देणार का. ग्रंथालय समितीने त्यातून तीन-चार जण ठरवावेत आणि वर्षभर त्यांच्याकडूनच घ्यावं.

प्रदर्शन लावणारा एक पुरवठादार सरसकट ३५ टक्के सूट देतो. सीताबर्डीवरचे आमचे जुने विक्रेते पंधराच्या वर जात नाहीत. प्राचार्य म्हणतात, जास्त सूट मिळेल तिथेच घ्या. काय करू? (नागपूर)

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो आणि सर्वांत जास्त काळजीही याचीच वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

सूट किती हे विचारण्याआधी ती कोणत्या किमतीवर, हे विचारा. समजा, अर्थशास्त्राचं एक इंग्रजी पाठ्यपुस्तक हवं आहे. त्याची परदेशी पुठ्ठाबांधणीची आवृत्ती ६० पौंडांची. पौंडाचा दर ११० रुपये धरला तर ६,६०० रुपये झाले. ३५ टक्के सूट गेल्यावर ४,२९० रुपयांचं बिल. कागदावर २,३१० रुपये वाचलेले दिसतात आणि प्राचार्य खूश होतात. त्याच पुस्तकाची भारतात विकायची कागदी बांधणीची आवृत्ती समजा ७९५ रुपयांना आहे. तुमचा सीताबर्डीचा विक्रेता १५ टक्के सूट देऊन ती ६७५ रुपये ७५ पैशांत देईल. एका प्रतीच्या पैशात सहा प्रती आल्या असत्या. ज्या ग्रंथालयात परीक्षेच्या तोंडावर एका पुस्तकासाठी वीस मुलं रांगेत उभी असतात, तिथे त्या पाच प्रती गेल्या कुठे, हे कुणी विचारत नाही. वर लेखापरीक्षणातही हे सापडत नाही, कारण सूट तर भरघोस घेतलेली असते.

म्हणून ऑर्डर काढण्याआधी प्रत्येक इंग्रजी शीर्षकाची भारतीय आवृत्ती आहे का, ते प्रकाशकाच्या संकेतस्थळावर पाहा. ऑर्डरमध्ये नुसतं नाव आणि लेखक लिहू नका. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळखक्रमांक, लिहा, कारण पुठ्ठाबांधणी आणि कागदी बांधणी यांचे क्रमांक वेगळे असतात. क्रमांक दिला नाहीत तर कोणती आवृत्ती पाठवायची हे पुरवठादार ठरवतो, आणि तो स्वस्तातली पाठवणार नाही.

पुस्तक हातात आल्यावर शीर्षकपानाची मागची बाजू उघडा. आवृत्ती कोणती, छपाई कधीची, विक्री कोणत्या देशांसाठी, हे तिथे असतं. मग मागचं आवरण पाहा. किमतीवर स्टिकर असेल तर कडेने नखाने उचला. खाली दुसराच आकडा निघाला तर ते पुस्तक ग्रंथालयाच्या नोंदवहीत दाखल करू नका. प्रकाशकाने किंमत वाढवून स्वतःच स्टिकर लावल्याचीही उदाहरणं असतात, म्हणून तिथल्या तिथे आरोप करू नका. प्राइस प्रूफ, म्हणजे किमतीचा पुरावा, मागा. प्रकाशकाच्या चालू सूचीचं पान किंवा त्याने पुरवठादाराला दिलेल्या बिलाची प्रत, यांपैकी एक तरी हवं. पुरवठादाराने स्वतःच्या लेटरहेडवर टाइप करून दिलेली किंमत म्हणजे प्राइस प्रूफ नव्हे.

आणखी दोन प्रकार लक्षात ठेवा. परदेशी प्रकाशक न खपलेला साठा मातीमोल भावात काढून टाकतात. तो इकडे येतो आणि मूळ डॉलर-किमतीवर ४० टक्के सूट देऊन ग्रंथालयांना विकला जातो. पुस्तक खरं असतं, पण पुष्कळदा जुन्या आवृत्तीचं. संगणकशास्त्र किंवा कायद्यात अशी जुनी आवृत्ती घेणं म्हणजे पैसे पाण्यात. दुसरा प्रकार अधिक वाईट आहे. केवळ ग्रंथालयांना विकण्यासाठी काढलेली जाड पुठ्ठ्याची पुस्तकं असतात. पावणेदोनशे पानं, किंमत दोन हजारांच्या घरात, लेखकाचं नाव कुठे ऐकलेलं नाही आणि आतला मजकूर इंटरनेटवरून उचललेला. शेवटची संदर्भसूची पाहा. ती नसेल किंवा वीस वर्षांपूर्वीच थांबलेली असेल तर पुस्तक परत ठेवा. अशा पुस्तकांवर पन्नास टक्के सूट द्यायला पुरवठादाराला काहीच जड जात नाही.

प्रामाणिक विक्रेत्याला प्रकाशकाकडूनच मर्यादित सूट मिळते. त्याच्या हातात जेवढी आहे, त्यातूनच तो तुम्हाला देतो. तो पंधरावर थांबतो, कारण त्याचा धंदा खऱ्या किमतीवर चालतो. आपण नुसत्या सूट-टक्क्यांवर खरेदी करत राहिलो तर असे विक्रेते महाविद्यालयांना पुरवठा करणं सोडून देतील, आणि मग एखादं दुर्मीळ मराठी पुस्तक शोधून आणून देणारं कुणी उरणार नाही. प्राचार्यांना हे तोंडी सांगू नका. दहा शीर्षकं घ्या, दोन्ही पुरवठादारांची अंतिम रक्कम शेजारी शेजारी लिहा आणि तो कागद ग्रंथालय समितीपुढे ठेवा.

विदेशी चलनाचा दर कोणता धरायचा? (नागपूर)

समितीने ठरवलेला. बिलाच्या तारखेचा बँकेचा दर धरावा, असा ठराव आधी करून घ्या आणि ऑर्डरवर छापा. पुस्तकव्यावसायिकांच्या गुड ऑफिसेस कमिटीचे चलनदर वापरणं ही पुस्तकव्यवसायातली जुनी प्रथा आहे, सरकारी आदेश नव्हे.

निधी फेब्रुवारीत आला. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा आहे. पुरवठादार म्हणतो, बिल आत्ता पास करा, पुस्तकं एप्रिलमध्ये देतो. (उमरेड)

करू नका. न आलेल्या पुस्तकाला दाखल क्रमांक देणं म्हणजे खोटी नोंद, आणि त्या नोंदीखाली सही तुमची असते. एप्रिलमध्ये पुस्तकं आली नाहीत किंवा भलतीच आली तर पुरवठादाराचं काहीही अडत नाही, पैसे त्याच्याकडे पोचलेले असतात. निधी वेळेत संपणार नसेल तर मुदतवाढीसाठी लेखी अर्ज करा. अनुदान देणाऱ्याच्या अटी लेखाधिकाऱ्यांसोबत बसून वाचा.

मुळात ही वेळ येते, कारण कोणती पुस्तकं हवीत याच्या विभागांच्या शिफारस याद्या तयार नसतात. निधी उशिरा येतो हे दरवर्षीचं आहे, मग यादी कशाला निधीची वाट पाहते? जूनमध्ये विभागांना कोरे तक्ते द्या आणि सप्टेंबरपर्यंत भरून परत घ्या. जो विभाग देणार नाही, त्याच्या प्रमुखांना प्राचार्यांमार्फत पत्र पाठवा. प्राधान्यक्रम लावलेली यादी कपाटात तयार असेल तर फेब्रुवारीत आलेला निधीही नीट खर्च होतो. यादी नसली की पुरवठादार टेम्पोभर पुस्तकं आणून टाकतो आणि तीच यादी होते.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन आल्यामुळे आता सगळी जर्नल्स फुकट मिळतात, वर्गणी बंद करा, असं व्यवस्थापनाने ऐकलं आहे. (हिंगणा रोड)

ऐकलं असेल, पण पोर्टलवर पाहिलं का? केंद्र सरकारची ही एकत्रित जर्नल-वर्गणीची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आणि समन्वय इन्फ्लिबनेट या उच्च शिक्षणातल्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या गांधीनगरच्या संस्थेकडे. पण ती सुरू झाली केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी. खाजगी व्यवस्थापनाच्या महाविद्यालयाने आपलं नाव यादीत आहे की नाही, हे आधी तपासावं. नसेल तर इन्फ्लिबनेटच्याच एन-लिस्टबद्दल, म्हणजे महाविद्यालयांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं देणाऱ्या योजनेबद्दल, विचारणा करा. छापील मराठी नियतकालिकं या योजनेतून मिळतील या भरवशावर बंद करू नका. तुमच्या मराठी आणि इतिहास विभागाला लागतात ती अशा संचात फार क्वचित असतात.

जर्नलचे मधले अंक येत नाहीत. (रामटेक)

अंक चुकला की त्याच महिन्यात लेखी क्लेम करा. सहा महिन्यांनी केलेला क्लेम कुणी मानत नाही. वर्गणी जानेवारी ते डिसेंबर चालते आणि आपलं आर्थिक वर्ष एप्रिलपासून, म्हणून नूतनीकरणाचा प्रस्ताव ऑक्टोबरमध्येच मांडा.

आयएसबीएन नसलेलं पुस्तक विकत घेता येत नाही, असं सहकारी म्हणतात. (नागपूर)

चुकीचं आहे. आयएसबीएन हा ओळखक्रमांक आहे, गुणवत्तेचा शिक्का नाही. भारतात तो राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते, त्यामुळे टाकाऊ पुस्तकालाही असतो आणि चांगल्या पुस्तकाला नसूही शकतो.

आपल्या नागपुरात तर हा समज फार नुकसान करतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात. छोट्या प्रकाशकांची चरित्रं, भाषणांच्या पुस्तिका, आत्मकथनं, चळवळीच्या स्मरणिका तिथे मिळतात, आणि यातलं बरंचसं कोणत्याही पुरवठादाराच्या यादीत कधी येत नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतले कवितासंग्रह लेखकच स्वतः छापतात आणि स्वतःच विकतात. पाच वर्षांनी एखादी संशोधक विद्यार्थिनी यातलं काही मागायला आली तर ते विद्यापीठाच्या परिसरातच मिळायला हवं, तिला मुंबईला धाडायची वेळ येऊ नये. विजयादशमीच्या आधी समितीकडून ठरावीक रकमेच्या थेट खरेदीची मंजुरी घ्या, विषयाचे एक प्राध्यापक सोबत न्या आणि त्याच दिवशी निवडा. स्टॉलवाल्याकडे छापील बिलबुक नसेल तर शीर्षक, किंमत, पत्ता आणि सही असलेली पावती तिथेच लिहून घ्या. अशी पावती तुमच्या कार्यालयाला चालते का, हे मात्र जाण्याआधी विचारून ठेवा. नंतर विचारलं तर पैसे खिशातून जातील.

एक संदर्भग्रंथ बाजारात नाही. झेरॉक्स करून बांधून ठेवला तर? (नागपूर)

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये, भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाच्या वापरासाठी करण्याची सवलत आहे. तुमचं महाविद्यालयीन ग्रंथालय तिच्यात बसतं का, हे वकिलाला विचारा. ‘सगळेच करतात’ हे उत्तर धरू नका. पुस्तक मिळत नाही याचे पुरावे, म्हणजे प्रकाशकाचं आणि दोन विक्रेत्यांचं लेखी उत्तर, आधी जमवा. बाजारात मिळत असलेल्या पुस्तकाची चोरटी छापील प्रत मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी आणू नका.

वर्षाला काही पुस्तकं हरवतात. ग्रंथपालाच्या पगारातून वसूल करणार म्हणतात. (उमरेड)

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत, वर्षात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार खंडांमागे पाच खंडांची हानी वाजवी मानली आहे. अट अशी की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांवरचा किंवा दुर्मीळ ग्रंथ हरवला तर चौकशी होतेच. तुमच्या संस्थेला लागू असलेला निर्लेखनाचा, म्हणजे हरवलेली पुस्तकं नोंदीतून कमी करण्याचा, नियम सहसंचालक कार्यालयाकडून लेखी मिळवा. तोवर कोणत्याही कबुलीपत्रावर सही करू नका.

धरमपेठेतल्या एका कुटुंबाला आजोबांचा संग्रह आम्हाला भेट द्यायचा आहे. घ्यावा का? (नागपूर)

आधी यादी मागा, मग घरी जाऊन पुस्तकं पाहा. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळातली गॅझेटियरं, अहवाल, संस्थांच्या स्मरणिका निघाल्या तर जरूर घ्या. कसर किंवा वाळवी लागलेली पुस्तकं वेगळी ठेवा आणि प्रक्रिया झाल्याशिवाय मुख्य संग्रहात नेऊ नका. ‘सगळं एकाच कपाटात, आजोबांच्या नावाने, कायमचं’ ही अट मान्य करू नका. नको असलेली पुस्तकं दुसऱ्या ग्रंथालयाला देण्याची मुभा लेखी घ्या, आणि कुटुंबाला होकार कळवण्याआधी समितीचा ठराव करून घ्या.